खिडकीवरच्या चिठ्ठ्यांच्या आधी: शाळेतला लैंगिक छळ आणि अन्यायी नियम यांविरुद्ध काम कसं उभं करावं

एप्रिल २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या एका शाळेचे फोटो जगभर फिरले. योंगह्वा मुलींच्या हायस्कूलच्या खिडक्यांवर विद्यार्थिनींनी रंगीत चिकट चिठ्ठ्या लावून मोठी अक्षरं तयार केली होती: ‘मी टू’, ‘विथ यू’. शिक्षकांकडून वर्षानुवर्षं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा तो निषेध होता. पुढे चौकशी झाली, शिक्षकांवर कारवाई झाली आणि २०२१ मध्ये एका माजी शिक्षकाला न्यायालयाने दीड वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

फोटो बघताना वाटतं, एके दिवशी मुलींना असह्य झालं आणि त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्यक्षात त्याआधी शाळेच्या माजी विद्यार्थिनी एकत्र आल्या होत्या. त्यांनी प्रश्नावली फिरवली, अनुभव गोळा केले, प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत नेलं. आतल्या मुलींच्या चिठ्ठ्या म्हणजे बाहेरच्या या कामाला दिलेला प्रतिसाद होता. चिठ्ठ्यांचा फोटो निघाला. प्रश्नावलीचा कोण काढणार?

हा लेख त्या फोटो न निघणाऱ्या कामाबद्दल आहे. शाळेत किंवा कॉलेजात शिकणाऱ्या आणि ‘आपण काहीतरी करायला हवं’ असं म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी तो लिहिला आहे. घोषणा लिहायला मी शिकवणार नाही, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या सुचतात. कागद, तारखा, पोहोच आणि बोलणारीची सुरक्षितता या चार गोष्टींवर मात्र मी हटून बसणार आहे.

आधी ठरवा: हा नियम आहे की घटना?

गट जमला की पहिल्याच बैठकीत सगळं एकदम बाहेर येतं. स्कर्टची लांबी, गॅलरीत उभं राहून शेरे मारणारी मुलं, पाळीच्या दिवसांत शौचालयाला जायची परवानगी नाकारणारे सर, कुणाचा तरी मोबाइलवर फिरलेला फोटो. हे सगळं खरं असतं आणि एकमेकांत गुंतलेलंही. तरी कागदावर मधोमध रेघ ओढा. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला घटना.

नियम बदलायला चर्चा लागते, सह्या लागतात, त्याबद्दल उघडपणे बोलता येतं. घटनेत एक विशिष्ट मुलगी असते, तिचं नाव असतं, तिचं घर असतं. तिथे सह्यांची मोहीम चालवली तर तिचंच नुकसान होतं. दोन्ही एकाच निवेदनात घातले की व्यवस्थापन सोपं ते उचलतं, अवघड ते विसरतं. ‘स्कर्टचं बघू’ म्हणतात आणि छळाची तक्रार फायलीत पडून राहते.

रेघ ओढली तरी दोन्हींच्या मुळाशी काय आहे, हे डोक्यात असू द्या. ‘मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणून मुलींनी अमुक घालू नये’ असं जी शाळा लिहून ठेवते, ती सगळ्यांना एक सवय लावते: काही घडलं की आधी मुलीकडे बघायचं. मग कुणी तक्रार घेऊन आली की पहिला प्रश्न येतो, तू तेव्हा तिथे काय करत होतीस? हा प्रश्न विचारायला ती नियमावलीच तर शिकवते.

आणखी एक. ‘छेडछाड’ हा शब्द शक्यतो वापरू नका. छेड काढणं म्हणजे गंमत, असा त्याचा सूर आहे. पाठलाग केला तर पाठलाग म्हणा, अंगाला हात लावला तर तसंच लिहा. तक्रारीत नेमक्या क्रियापदाला फार किंमत असते.

गट: पाच ते सात जण, त्याहून जास्त नकोत

सुरुवातीला मोठा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा मोह होतो. काढू नका. शंभर जणांच्या ग्रुपमधली गोष्ट संध्याकाळपर्यंत शिक्षकांच्या खोलीत पोचते. आधी पाच-सात जण, प्रत्यक्ष भेटणारे. त्यात कामं वाटून घ्या: एक जण नोंदवही सांभाळेल, एक व्यवस्थापनाशी बोलेल, एक वर्गावर्गांत फिरेल. जिला बोलायला आवडतं तिच्याच हातात नोंदवहीही देऊ नका, एवढं मी अनुभवाने सांगते.

हे सात जण सगळे एकाच बाकावरचे नसावेत. ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया मुलींच्या हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थिनी केसांबद्दलच्या नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या. ‘केस नीटनेटके असावेत’ हा नियम वाचायला सगळ्यांना सारखाच होता, पण त्यांचे नैसर्गिक केसच अनीट ठरवले जात होते. गोऱ्या मुलींच्या गटाने तो नियम वाचला असता तर त्यांना त्यात काहीच खटकलं नसतं. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ते कलम थांबवावं लागलं. म्हणून गटात बघा: वसतिगृहात राहणारी कोणी आहे का? अपंग मुलगी आहे का? जिची जात किंवा धर्म वर्गात अल्पसंख्य आहे अशी? स्वतःला मुलगी-मुलगा या चौकटीत न बसवणारं कोणी? त्यांना ‘प्रतिनिधी’ म्हणून शोभेला बसवायचं नाही, कुठला नियम कुणाला बोचतो हे त्यांच्याशिवाय कळणार नाही म्हणून घ्यायचं.

मुलगे हवेत का? हवेत. फक्त बैठकीत कोण किती वेळ बोललं हे एकदा घड्याळ लावून बघा. छळ मुलग्यांचाही होतो आणि ते सांगायला त्यांना जागा नसते, हेही विसरू नका.

एक विश्वासू मोठं माणूस लागतंच: शिक्षिका, समुपदेशक, ग्रंथपाल, कुणाची आई. तुम्ही अठरा वर्षांखालील असाल तर हा सल्ला पर्यायी नाही. त्या व्यक्तीला आधीच विचारा, ‘अडचण आली तर तुम्ही आमच्यासोबत खोलीत बसाल का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कोणी शोधा.

कुणी सांगायला आली तर

तुम्ही काम सुरू केलंत हे कळलं की मुली सांगायला येतील. तयारी नसेल तरी येतील. म्हणून पोस्टर लावण्याआधी हा भाग सगळ्यांनी वाचायचा आणि एकदा आपापसांत सराव करायचा.

ऐका. मध्ये बोलू नका. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका: का गेलीस, का सांगितलं नाहीस, का थांबलीस. सगळं तपशिलात वदवून घेऊ नका. तुम्ही पोलीस नाही, आणि तीच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगायला लावणं हा वेगळा त्रास आहे. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ आणि ‘यात तुझी चूक नाही’ ही दोन वाक्यं पुरतात. मग विचारा: आज घरी जायला तुला सुरक्षित वाटतंय का? तुला आत्ता काय हवंय? जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी जी प्राथमिक आधाराची पद्धत सांगितली आहे, तिचा गाभाही हाच आहे: ऐकणं, गरज विचारणं, विश्वास देणं, सुरक्षितता वाढवणं आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं.

आता सगळ्यात अवघड वाक्य. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. आधीच सांगा: ‘हे मी मैत्रिणींत बोलणार नाही, पण तुला धोका असेल तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते कोण असेल हे आपण मिळून ठरवू.’ अनेक देशांत मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतात मुलामुलींना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अशी माहिती पोलिसांना न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. न कळवल्याबद्दल अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना स्वतःला मात्र या कलमाखाली शिक्षा होत नाही. म्हणजे ‘आपण शाळेतल्या शाळेत मिटवू’ असं एखादे मुख्याध्यापक म्हणाले, तर ते उदारपणा दाखवत नाहीत, कायदा मोडायच्या बेतात आहेत. त्याच कायद्यात पीडित मुलाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायलाही मनाई आहे. भारतात मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या देशात असाल तर तिथले.

बलात्कारासारखा हल्ला नुकताच झाला असेल तर वेळेला महत्त्व आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आपत्कालीन गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत देता येतं, पण जितकं लवकर तितका उपयोग जास्त. कपडे धुऊ नयेत, वेगळे कागदी पिशवीत ठेवावेत. आंघोळ झाली असली तरी डॉक्टरांकडे जायला उशीर झाला, असं समजू नये. तक्रार करायची की नाही यावर घरात वाद चालू असेल, तरी दवाखाना आधी.

खासगी फोटो फिरला असेल तर एक चूक हमखास होते: पुरावा म्हणून तो फोटो सेव्ह करून गटात टाकणं. अल्पवयीन मुलीचा तसा फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोटोऐवजी नोंद ठेवा: कुठल्या अकाउंटवरून, कुठल्या तारखेला, किती वाजता, लिंक काय. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या फोटोसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तीत फोटो अपलोड करावा लागत नाही. मोबाइलवरच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडची प्रत शोधून काढून टाकू शकतात. प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ तेच काम करते.

सांगून झाल्यावर त्या मुलीला आपल्या मोहिमेचा चेहरा बनवू नका. तिने स्वतःहून म्हटलं तरी महिनाभर थांबा आणि पुन्हा विचारा.

माहिती गोळा करणं

२०२१ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या शनेल कॉन्टोसने इन्स्टाग्रामवर सिडनीत राहणाऱ्यांसाठी एक साधा प्रश्न टाकला: फक्त मुलग्यांच्या शाळेत शिकलेल्या कुणी तुझ्यावर किंवा तुझ्या जवळच्या कुणावर कधी लैंगिक हल्ला केला होता का? हजारो मुलींनी आपबीती लिहून पाठवली. तिने त्याला एक नेमकी मागणी जोडली, ती म्हणजे संमती हा विषय शाळेत लवकर आणि नीट शिकवा. वर्षभरात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, देशभरच्या शिक्षणमंत्र्यांनी तो अभ्यासक्रमात बंधनकारक करायला मान्यता दिली. अनुभव त्याआधीही होते. नेमकी मागणी नव्हती.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांचे निनावी अनुभव ‘एव्हरीवन्स इन्व्हायटेड’ या संकेतस्थळावर साठत गेले आणि शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेला, ऑफस्टेडला, तातडीची पाहणी करून जून २०२१ मध्ये अहवाल द्यावा लागला. पाहणीत जवळपास ९० टक्के मुलींनी सांगितलं की त्यांना किंवा त्यांच्या सोबतिणींना नको असलेले अश्लील फोटो पाठवले जातात. बहुतेक मुली हे कुणाला सांगत नव्हत्या, कारण ते इतकं रोजचं झालं होतं की सांगण्यात अर्थ वाटत नव्हता.

तुमच्या शाळेची प्रश्नावली याहून लहान आणि सावध असू द्या. ‘तुझ्यासोबत काय झालं ते लिही’ असा मोकळा रकाना ठेवू नका. लिहिणारीला आधार द्यायला तुम्ही त्या क्षणी तिथे नसता, आणि आलेला मजकूर सांभाळायची ताकदही नसते. आम्ही पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. जिन्याखाली एक पेटी ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यात अशी एक चिठ्ठी निघाली की जिला मदत करायला हवी ती कोण हेच आम्हाला कळेना. पेटी काढली, पण ती चिठ्ठी अजून डोक्यातून गेली नाही.

त्याऐवजी जागा आणि वेळ विचारा. शाळेत कुठे जायला नको वाटतं? कोणत्या वेळी? त्रास झाला तर कुणाकडे जायचं हे माहीत आहे का? गेलीस तर काही होईल असं वाटतं का? गेल्या महिन्यात कपडे, केस किंवा पाळी यावरून वर्ग बुडला का, किती तास? नाव, हजेरी क्रमांक, ई-मेल काहीच नको. फॉर्म ऑनलाइन असेल तर ई-मेल आपोआप नोंदवण्याची सोय बंद आहे ना, हे दोघींनी वेगवेगळं तपासा. एखाद्या वर्गातून चार-पाचच उत्तरं आली तर त्या वर्गाचा आकडा वेगळा छापू नका, लगेच ओळख पटते.

मग नकाशा घेऊन चालत फिरा. महिलांची सुरक्षितता पाहणी ही पद्धत १९८९ मध्ये टोरोंटोतल्या मेट्रॅक या संस्थेने रूढ केली. तिचं तत्त्व असं की जागेची खरी जाणकार ती वापरणारी बाई. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना अशा तीन वेळा फिरा. दिवा आहे का, कडी लागते का, वळणापलीकडचं दिसतं का, कुणी हाक ऐकेल का. तुटलेली कडी ही क्रांतिकारी मागणी नाही हे खरं, पण पहिल्या भेटीत मान्य होणारी एक तरी मागणी हातात असावी.

नियमाचा कागद मिळवा

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूकडे. अन्यायी वाटणारा नियम शब्दशः मिळवा. निम्म्या वेळा कळतं की तो कुठे लिहिलेलाच नाही. ‘पूर्वीपासून असंच आहे’ एवढाच त्याचा आधार. असं असेल तर काम सोपं: लेखी विचारा, हा नियम कोणी आणि कधी केला?

लिहिलेला असेल तर तो एकाच समूहाला लागतो का ते बघा. मोडल्यावर शिक्षा काय, आणि तिच्यात अभ्यास बुडतो का? नियमामागचं कारण लिहिलंय का? त्या कारणासाठी याहून सौम्य उपाय आहे का? आणि तो बदलायचा अधिकार कुणाला? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि ज्यांच्या हातात काही नाही त्या वर्गशिक्षिकेशी महिनाभर भांडतात.

सिएरा लिओनमध्ये २०१५ पासून गर्भवती मुलींना नेहमीच्या शाळेत बसायला बंदी होती. कारण काय, तर इतर मुलींवर वाईट परिणाम होईल. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती बंदी भेदभाव ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. त्यातल्या कित्येक मुलींचं गर्भारपण अत्याचारातून आलं होतं. अत्याचार करणारा शाळेत येऊ शकत होता, ती येऊ शकत नव्हती. नियम आणि घटना यांच्यात ओढलेली रेघ मुळात किती पातळ आहे, हे दाखवणारं याहून लख्ख उदाहरण मला माहीत नाही.

न्यायालय प्रत्येक वेळी बाजू घेतंच असं नाही. जपानमध्ये ओसाकातल्या एका विद्यार्थिनीचे केस मुळातच तपकिरी होते, तरी ते काळे करायला तिला सारखं सांगितलं जाई. २०१७ मध्ये ती न्यायालयात गेली. २०२१ च्या निकालात तिला थोडी भरपाई मिळाली, पण केसांचा नियम मात्र कायदेशीर ठरला. तरीही त्या खटल्याने देशभर चर्चा पेटली, आणि एप्रिल २०२२ पासून टोकियोच्या महानगरी शाळांनी केस काळेच हवेत, आतल्या कपड्यांचा रंग अमुकच हवा, असे नियम काढून टाकले.

वसतिगृहांच्या वेळांबद्दलचा लढा भारतात २०१५ मध्ये दिल्लीतल्या ‘पिंजरा तोड’ या विद्यार्थिनींच्या गटाने उभा केला. मुलींना संध्याकाळी कुलूप, मुलग्यांना मोकळीक, आणि त्याला नाव ‘सुरक्षा’. या युक्तिवादाला उत्तर देताना भावनेत वाहू नका. शांतपणे विचारा: कुलपामुळे छळाच्या किती घटना थांबल्या, याची नोंद आहे का?

नुसतं ‘हा नियम रद्द करा’ म्हणण्यापेक्षा पर्यायी मसुदा द्या. मूळ: ‘मुलींनी केस दोन वेण्यांत बांधावेत.’ सुधारित: ‘प्रयोगशाळेत आणि खेळाच्या तासाला लांब केस असलेल्या सर्व विद्यार्थ्यांनी ते बांधावेत.’ कारण आलं, जागा आली, ‘मुलींनी’ गेलं. समोरच्याला फक्त सही करायची उरते.

निवेदन

एक पान. त्याहून मोठं कुणी वाचत नाही. साधारण असं:

‘विषय: गणवेश नियम क्रमांक ७ मध्ये बदल करण्याबाबत. महोदय, हा नियम फक्त विद्यार्थिनींना लागू आहे. अमुक ते अमुक तारखेदरम्यान या नियमामुळे विद्यार्थिनींना किती वेळा वर्गाबाहेर थांबवलं आणि किती तास बुडाले, याचा तक्ता सोबत जोडला आहे. आमच्या मागण्या: नियमाचा सुधारित मसुदा (सोबत) विचारात घ्यावा. निर्णय होईपर्यंत या कारणासाठी कुणालाही वर्गाबाहेर काढू नये. चर्चेसाठी १५ दिवसांत भेटीची वेळ द्यावी.’

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोहोच घ्या. शिक्का मिळाला नाही तर त्याच दिवशी तेच निवेदन ई-मेलने पाठवा.

सह्यांच्या कागदांचे फोटो रोजच्या रोज काढून ठेवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या चार्टर डे स्कूलमध्ये मुलींना स्कर्टच घालण्याची सक्ती होती. विद्यार्थिनींनी शंभरावर सह्या गोळा केल्या आणि शिक्षकांनी तो कागदच काढून घेतला. प्रकरण २०१६ मध्ये न्यायालयात गेलं. मुलगी म्हणजे पुरुषांनी जपायचं नाजूक भांडं, अशी भूमिका शाळेच्या संस्थापकांनी साक्षीत मांडली. जून २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ती सक्ती समानतेच्या हक्काचा भंग ठरवली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. सह्या करणाऱ्या मुली तोवर शाळा सोडून गेलेल्या.

भेट

तिघी जा. एक बोलेल, एक लिहील, एक फक्त बघेल. तिसरीला कमी लेखू नका, समोरच्याच्या चेहऱ्यावर कुठल्या मुद्द्याला काय उमटलं हे तिलाच दिसतं. ठरवलेलं मोठं माणूस सोबत असू द्या, पण त्यांनी बोलायचं नाही.

काही वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळतीलच. ‘शाळेची बदनामी होईल.’ यावर: ‘म्हणूनच आम्ही आधी तुमच्याकडे आलोय.’ ‘एवढ्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही.’ यावर प्रश्नावलीतला तो आकडा पुढे करा, किती जणींना तक्रार कुठे करायची हेच माहीत नाही. ‘तुम्हाला कोण शिकवतंय हे?’ यावर काहीच बोलू नका, पुढच्या मुद्द्यावर जा. ‘आपण समिती नेमू.’ हे सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याचं. लगेच विचारा: समितीत कोण, विद्यार्थी किती, अहवाल कोणत्या तारखेला? भारतातल्या उच्च शिक्षण संस्थांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणात लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर तीन निवडून आलेले विद्यार्थी असावे लागतात. कॉलेजात असाल तर ते तीन कोण, हे आजच विचारून बघा. उत्तराआधीची शांतता पुरेशी बोलकी असते.

भेट संपल्यावर त्याच संध्याकाळी ई-मेल: ‘आज झालेल्या चर्चेत पुढील गोष्टी ठरल्या असं आम्हाला समजलं. काही चुकलं असल्यास कळवावं.’ उत्तर आलं नाही तरी हा कागद पुढे फार कामी येतो.

दार उघडलं नाही तर

पायऱ्या चढत जा: मुख्याध्यापक, मग संस्थेचं व्यवस्थापन आणि पालक-शिक्षक संघ, मग शिक्षण खातं, मग बालहक्क किंवा महिला आयोग, मग पत्रकार. गुन्हा घडला असेल तर मात्र ही शिडी चढायची नसते, थेट पोलीस.

आरोप असलेल्या माणसाचं नाव समाजमाध्यमांवर टाकायची इच्छा होणारच. मला तो राग कळतो. तरी नको. बदनामीचा दावा हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की नाव फुटलं की दोन तासांत ‘ती कोण’ याचा शोध सुरू होतो, आणि पुढच्या चौकशीत साक्षी आधीच जुळवल्या असं म्हणायला वाव मिळतो. नियमाबद्दल, आकड्यांबद्दल, शाळेने न दिलेल्या उत्तराबद्दल बेधडक लिहा. व्यक्तीबद्दल तक्रार-अर्जात लिहा.

निदर्शन करायचंच ठरलं तर आधी त्याचे परिणाम वाचा. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. विद्यार्थ्यांचा अभिव्यक्तीचा हक्क शाळेच्या फाटकापाशी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तिच्याच खटल्यात म्हटलं. प्रत्येक देशात असा निकाल नाही. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं जावं, असं १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, आणि जवळपास सगळ्या देशांनी त्या करारावर सही केली आहे. निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करा, पण त्याच्या भरवशावर परीक्षेच्या आठवड्यात वर्गावर बहिष्कार टाकू नका. आधी ठरवा: निलंबन झालं तर कोणाची शिष्यवृत्ती जाईल? कोणाला घरी बसवून लग्नाची बोलणी सुरू होतील? त्या मुली पुढच्या रांगेत नसतील, आणि यावरून त्यांना कुणी भित्री म्हणणार नाही.

चिलीमध्ये २०१८ च्या एप्रिलपासून विद्यार्थिनींनी विद्यापीठांच्या इमारती ताब्यात घेतल्या. छळाच्या तक्रारी वर्षभर लोंबकळत ठेवल्या जात होत्या, हा त्यांचा मुख्य राग. उच्च शिक्षण संस्थांना छळ रोखण्याची, चौकशीची आणि शिक्षेची यंत्रणा बंधनकारक करणारा कायदा आला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. तीन वर्षांहून जास्त. यातली कितीतरी कामं समित्यांच्या कंटाळवाण्या बैठकांत झाली असणार.

वही पुढे देणं

शाळेतल्या गटाची अडचण अशी की दर वर्षी त्यातली अनुभवी माणसं उत्तीर्ण होऊन निघून जातात. व्यवस्थापनाला हे पक्कं माहीत असतं. ‘पुढच्या सत्रात बघू’चा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

म्हणून शेवटच्या वर्षातल्या मुली बाहेर पडायच्या तीन महिने आधी खालच्या वर्गातल्या दोघींना प्रत्येक बैठकीत बसवा. वहीत हे असावं: मूळ नियम आणि सुधारित मसुदा, पोहोच घेतलेली निवेदनं, भेटींच्या तारखा आणि ठरलेल्या गोष्टी, कोण मदत करतं आणि कोण फक्त मान डोलावतं. कोणत्याही मुलीच्या छळाचा तपशील या वहीत नसावा. तो जिचा आहे तिच्याकडे आणि तिने निवडलेल्या मोठ्या माणसाकडेच राहील. वहीची एक प्रत शाळेबाहेर, माजी विद्यार्थिनींपैकी एकीकडे ठेवा.

बदललेल्या नियमाच्या पानावर तारीख घाला आणि सहा महिन्यांनंतरच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी नव्या दोघींनी मधल्या सुट्टीत पाच वर्गांत जाऊन एवढंच विचारायचं: अजून कुणाला बाहेर उभं करतात का?